टाळ्या मिळतात, माणसं येत नाहीत: मग काय करायचं?

माणदेशातल्या एका गावातून प्रश्न आला आहे. विचारणारे दादा पतसंस्थेत नोकरी करतात, त्यांच्या पत्नी बचत गटात आहेत. गावाला मार्चपासून टँकर लागतो. दादांनी गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला, रोज सकाळी प्रेरणादायी व्हिडिओ टाकले, बाहेरून एक नावाजलेले वक्ते बोलावले. मंडप भरला, टाळ्या पडल्या. पुढच्या रविवारी पाण्याच्या कामाच्या श्रमदानाला नऊ माणसं आली आणि त्यातली चार घरचीच. दादा विचारतात, "मी सरपंच नाही, मला भाषण जमत नाही, खिशात पैसा नाही. माझ्यासारख्या साध्या माणसानं लोकांना प्रेरणा द्यायची तरी कशी?" आणि खाली एक ओळ जोडली आहे: "सरपंचांना वाटतंय, मी पुढच्या निवडणुकीची तयारी करतोय."

दादा, नऊ माणसं आली याचं वाईट वाटून घेऊ नका. पण बाकीची का आली नाहीत, हे तुम्ही कुणाला विचारलंत का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही म्हणून म्हणते. पाणलोटाच्या आणि बचत गटांच्या कामात मी आयुष्यातला मोठा काळ घालवला आहे, त्यावरून सांगते, न आलेल्यांत पाण्याच्या कामाला विरोध असणारे फार थोडे निघतील. कुणाची त्याच वेळेला धार काढायची असते, डेअरीची गाडी थांबत नाही. कुणाला वाटतं हे वरच्या वस्तीचं काम, आपल्या विहिरीला त्याचा काय उपयोग. कुणाकडं फावडं एकच आणि ते रानातल्या खोपटात. एखाद्याचं तुमच्याच पतसंस्थेत कर्ज थकलेलं असतं, तो तुमच्यासमोर यायचंच टाळतो. आणि पुष्कळांचं उत्तर असतं, "आम्हाला कुणी बोलावलंच नाही."

तुम्ही म्हणाल, ग्रुपवर तीनदा टाकलं होतं. टाकलं असेल. पण घरच्या लग्नाची पत्रिका नुसती मोबाइलवर पाठवली तर भावकी रुसते की नाही? दारात जाऊन आवतण द्यावं लागतं, आणि देतानाही "सगळ्यांनी या" म्हणून चालत नाही, "हळदीला सकाळीच या, आत्याला घेऊन या" असं म्हणावं लागतं. श्रमदानाचंही तसंच आहे. सगळ्यांना मिळून केलेलं आवाहन कुणा एकाला केलेलं नसतं.

म्हणून तुम्ही ज्याला उणेपणा समजताय, मी सरपंच नाही, वक्ता नाही, तीच तुमची सोय आहे. बाहेरून आलेल्या वक्त्याला लोक ऐकतात, त्याच्याबरोबर सेल्फी घेतात आणि घरी जातात. तो उद्या गावात नसतो, त्यामुळे त्याला "नाही येणार" असं सांगायची वेळच कुणावर येत नाही. तुम्ही उद्याही भेटणार आहात. ओळखीच्या माणसानं नाव घेऊन, वेळ सांगून, एक ठरावीक काम मागितलं तर ते टाळणं अवघड जातं.

हे नुसतं माझं मत नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं नव्वदच्या दशकात नवजात बाळांच्या मृत्यूंवर काम केलं. ३९ गावांत तिथल्याच, थोडंफार शिकलेल्या बायकांना तयार केलं. त्या बाळंतिणीच्या घरी जायच्या, बाळाचं वजन करायच्या, श्वास मोजायच्या, ऊब कशी द्यायची ते आईला करून दाखवायच्या, जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली तर ठरवून दिलेले उपचार करायच्या. हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला. १९९९ मध्ये हा अभ्यास 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी येऊन बाळ बघून जातात, त्या देशभरच्या कार्यक्रमाचं मूळ गडचिरोलीच्या या कामात आहे. औषधाचा आणि प्रशिक्षणाचा वाटा त्यात मोठा आहे, तो कमी लेखायचं कारण नाही. पण जन्मल्याबरोबर बाळाला आंघोळ घालू नका, हे घरातल्या सासूबाईंना पटवायचं काम औषधानं होत नाही. ते त्याच आळीतली, त्याच बोलीत बोलणारी, पुन्हा दोन दिवसांनी दारात येणारी बाई करू शकते.

मला स्वतःला सगळ्यात जास्त शिकवलं ते दारूबंदीच्या मतदानानं. तुमचा विषय पाण्याचा आहे, तरी हे जरा विस्तारानं सांगते, कारण लोकांपर्यंत पोचणं म्हणजे नेमकं काय, हे तिथं आकड्यात दिसतं.

परवाना असलेलं दारूचं दुकान बंद करायची महाराष्ट्रात एक कायदेशीर वाट आहे. गावातल्या किंवा वॉर्डातल्या किमान २५ टक्के महिला मतदारांनी मागणी केली आणि सह्यांची पडताळणी झाली की गुप्त मतदान घेतलं जातं. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी बाटली म्हणजे चालू. आडव्या बाटलीला एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं पडावी लागतात. लक्षात घ्या, एकूण मतदारांच्या, झालेल्या मतदानाच्या नव्हे. समजा यादीत हजार बायका आहेत. सहाशे मतदानाला आल्या, ४८० जणींनी आडवी केली, १२० जणींनी उभी. चारास एक असा कौल, तरीही दुकान चालूच राहतं. न आलेली प्रत्येक बाई, तिची इच्छा असो वा नसो, उभ्या बाटलीच्या पारड्यात जाते.

असं गणित समोर असलं की घोषणा, मोर्चा, भाषण यांची किंमत आपोआप कळते. मोर्चात ज्या दोनशे बायका असतात त्या आधीच आपल्या बाजूच्या असतात. त्यांना आणखी चेतवून काही मिळत नाही. प्रश्न निम्म्याच्या वर जायला लागणाऱ्या आणखी तीनशेहून जास्त जणींचा असतो, ज्या मोर्चाकडं दारातून बघत उभ्या असतात.

त्यामुळे काम सुरू होतं ते मतदार यादी वाचण्यापासून. कंटाळवाणं काम आहे, कुणी त्याचे फोटो काढत नाही. ओसरीवर यादी पसरून आळीतल्या चार-पाच जणी बसतात आणि एकेक नाव वाचतात. ही वारली. ही लग्न होऊन गेली, नाव अजून इथंच. ही सून इथं नांदते, पण नाव माहेरच्या गावात. ही ऊसतोडीला गेली, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, येत नाही. ही मुंबईला लेकाकडं. वारलेल्या बाईचं नाव यादीत राहिलं तरी ते एकूण संख्येत मोजलं जातं, म्हणून नावं दुरुस्त करून घेणं हा लढ्याचाच भाग होतो. तारीख कोणत्या महिन्यात पडते याकडं लक्ष ठेवावं लागतं, कारण ऊसतोडीच्या हंगामात मतदान आलं तर निम्म्या वस्त्या रिकाम्या असतात.

मग घरं वाटून घ्यायची. एकेकीकडं दहा घरं, पण आपल्या भावकीतली, आपल्या विहिरीवरची. परक्या आळीत पुढारपण करायला कुणी जायचं नाही. पहिल्या खेपेला काहीही मागायचं नाही, नुसतं बसायचं. बाई आधी पावसाचं बोलते, मग गुडघेदुखीचं, मग कधीतरी नवऱ्याचं. काही वेळा पहिल्या खेपेला ती म्हणते, "आमच्यात कोण पीत नाही," आणि आतल्या खोलीतून खोकला ऐकू येतो. मान डोलवायची आणि उठायचं. दुसऱ्या खेपेला आडव्या बाटलीचं सांगायचं. तिसऱ्या खेपेला विचारायचं ते "येणार ना?" असं नाही, तर "किती वाजता येणार? कुणाबरोबर येणार? शेळ्या कुणाकडं ठेवणार?" येणार ना, याला सगळेच हो म्हणतात. शेळ्यांचं ठरलं की बाई येते.

आणि एक गोष्ट आम्हाला फार उशिरा नव्हे, पण दारोदार फिरल्यावरच कळली. बायकांना दारू नको असते हे सांगायची गरजच नव्हती, त्यांना ते आपल्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांची भीती वेगळी होती. नवऱ्याला कळलं तर? शिक्का कुठं मारला हे बघता येतं का? दुकानवाल्याचा माणूस तिथं बसलेला असेल का? म्हणजे आमचं निम्मं बोलणं फुकट होतं. दारूचे दुष्परिणाम सांगत बसण्याऐवजी मतदान गुप्त असतं, कागदाची घडी कशी घालायची, आत कोण असतं आणि कोण नसतं, हे समजावून सांगायला हवं होतं. मग स्वयंपाकघरात जमिनीवर रिकामी बाटली आडवी-उभी ठेवून, कागदावर चित्रं काढून सराव घेतला जायचा. हसत-खेळत व्हायचं ते. ज्यांनी कधी पेन धरलं नव्हतं त्यांचा हात तिथं धीट झाला.

तुमच्या श्रमदानाला हे जसंच्या तसं लावा. गावात किती घरं आहेत याची यादी करा, किती माणसं ग्रुपवर आहेत याची नको. ग्रुपवर बहुधा पुरुष आहेत, त्यातले निम्मे पुण्या-मुंबईत. टँकरच्या रांगेत हंडे घेऊन ज्या उभ्या राहतात त्यांच्यातल्या किती जणी ग्रुपवर आहेत ते एकदा मोजा. ती आलेली नऊ माणसं आहेत ना, त्यांच्याकडं प्रत्येकी दहा घरं द्या. तुमच्या पत्नीचा बचत गट तर आयताच आहे. महिन्याला बैठक होते, हजेरी लागते, पैशाचा हिशेब होतो, आणि कर्जाच्या हप्त्याला कोण खरी, कोण खोटी हे तिथं सगळ्यांना ठाऊक असतं. गावात इतकी भरवशाची दुसरी जागा मला तरी दिसत नाही. स्पष्टच सांगते, पुढच्या महिनाभर तुमच्यापेक्षा त्यांनी बोलावं आणि तुम्ही फावडी गोळा करावीत, हे गावाच्या जास्त हिताचं आहे.

आता बोलायचं काय, याविषयी. पाणी वाचवा, पाणी म्हणजे जीवन, हे भिंतीवर लिहून लिहून गुळगुळीत झालं आहे. टँकरच्या गावात तर ते ऐकून चीडच येते. तुमच्या भागात आकडे बोलतात, मात्र ते गावाच्या मापात हवेत. एक एकर रानावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे ४,००० लिटर पाणी होतं. वळवाची एक ५० मिलिमीटरची सर आली की एकरी दोन लाख लिटर. म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर एका एकरावर, एका दुपारी पडतात, आणि त्यातलं पुष्कळ पाणी ओढ्याला लागून निघून जातं. हे वाक्य पारावर बसलेल्या माणसाला सांगा आणि गप्प बसा. तो स्वतः हिशेब करायला लागेल, की आपल्या शिवारात माळ किती एकर आहे.

तसंच चराचं. समतल चर म्हणजे उतारावरचं पाणी अडवायला एका पातळीत खणलेला लांब खड्डा, तो साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल खणतात. पाच मीटर लांबीचा असा चर एकदा भरला की त्यात नऊशे लिटरच्या वर पाणी मावतं, म्हणजे दोनशे लिटरचे साडेचार बॅरल. पावसाळ्यात तो किती वेळा भरेल ते पावसावर आहे. पण ज्या बाईनं उन्हाळाभर बॅरलनं पाणी मोजलं आहे तिला "आज आपण साडेचार बॅरलची जागा केली" हे लगेच समजतं. "भूजल पुनर्भरण" म्हणालात की ती मान डोलावते आणि विसरते.

पटवून सांगण्यापेक्षा विचारणं बरं. गाडगेबाबा कीर्तनात हेच करायचे. आधी गावात आल्याबरोबर खराटा घेऊन रस्ते झाडायला लागायचे, बघणाऱ्यांना लाज वाटून तेही हात लावायचे, आणि रात्री कीर्तनात समोरच्या माणसांना प्रश्न विचारत जायचे. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं कापावं का, पोरांना शाळेत घालावं की नाही. उत्तर लोकांच्या तोंडून यायचं. तुम्हाला भाषण जमत नाही म्हणता ना, प्रश्न तर विचारता येईल? "तुमच्या लहानपणी या ओढ्याला पाणी कुठल्या महिन्यापर्यंत असायचं?" एवढा एक प्रश्न सत्तरीच्या म्हाताऱ्याला चारचौघांत विचारा. तो जे सांगेल ते कुठल्या व्हिडिओत नाही.

विरोध करणाऱ्याचंही ऐकायचं असतं, नुसतं सौजन्य म्हणून नव्हे. गडचिरोली जिल्ह्यातलं मेंढा (लेखा) गाव "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" या घोषणेमुळे सगळ्यांना माहीत आहे. गावातले देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर काम करणारे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचं नावही माहीत असतं. त्यामागचा कंटाळवाणा भाग फार कुणी सांगत नाही. तिथं निर्णय बहुमतानं होत नाहीत, सर्वसहमतीनं होतात. एक जण अडला तर विषय थांबतो, पुन्हा बसतात. शिवाय अभ्यासगट असतो, तिथं निर्णय घ्यायचा नसतो, फक्त समजून घ्यायचं असतं, बाहेरच्या जाणकारालाही बोलावतात. अशा संथ पद्धतीनं चाललेल्या गावानं २००९ मध्ये वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवला, आणि २०११ मध्ये स्वतःचा बांबू स्वतः विकायला लागणारा वाहतूक परवाना हातात घेतला. मला यातलं सगळ्यात मोलाचं वाटतं ते निर्णय आणि अभ्यास वेगळे ठेवणं. आपल्याकडं पहिल्याच बैठकीत ठराव मागतात, मग जो तो आपली बाजू धरून बसतो. नुसतं समजून घ्यायला बोलावलं तर विरोधी गटातला माणूसही येतो, कारण आल्यामुळे तो कशाला बांधला जात नाही.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण आणखी वेगळं. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात आणि पूर्वी ती अंडी सर्रास काढली जायची. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं भाऊ काटदरेंच्या पुढाकारानं २००२ च्या सुमारास तिथं संरक्षण सुरू केलं. वाळूतलं घरटं कुठं आहे हे कुणाला नेमकं कळत होतं? अंडी काढणाऱ्यांना. त्यांच्याच डोळ्यांचा उपयोग घरटी शोधायला आणि राखायला झाला. पुढं कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे गावातल्या घरांत राहू लागले, घरच्या बायकांच्या हातचं जेवण जेवू लागले, आणि कासवाशी गावाच्या मिळकतीचा संबंध जडला. तुमच्या गावातही असा कुणीतरी असेल. बोअर मारणाऱ्या गाडीवरचा मुलगा असेल, ओढ्यातली वाळू उपसणारा असेल. पाणी कुठं लागतं, कुठं खडक आहे, हे त्याला तुमच्याआधी माहीत आहे. त्याला गुन्हेगारासारखं वागवाल तर तो तुमचे चर मोडेल. त्याला जागा दाखवायला न्या.

आता उत्साहाबद्दल थोडं कडू बोलते. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या, गावागावांतल्या पाणी अडवायच्या कामाच्या स्पर्धेनं २०१६ मध्ये वरुड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांपासून सुरुवात केली आणि २०१८ मध्ये ती ७५ तालुक्यांत गेली. तुमच्या माण तालुक्यातल्या टाकेवाडीनं त्या वर्षी पहिला क्रमांक मिळवला, हे तुम्हाला सांगायला नको. त्या स्पर्धेची बांधणी हुशारीची होती. सुरुवातीची आणि शेवटाची तारीख ठरलेली, आधी गावातल्या निवडक बायका-पुरुषांना प्रशिक्षण, रोजचं काम मोजायची पद्धत आणि शेजारचं गाव काय करतंय याची चुरस. माणसं पहाटे उठून गेली ती नुसत्या भाषणानं नव्हे, पंचेचाळीस दिवसांची मुदत होती म्हणून. तुमच्या "दर रविवारी" या बोलीला शेवट नाही. शेवट नसलेल्या कामाला माणूस पुढच्या रविवारी जाऊ म्हणतो. सहा रविवार म्हणा. जागा ठरवा, किती मीटर ते ठरवा, सातव्या रविवारी काम बंद म्हणून सांगा.

पण जिथं पाणी साठलं तिथं दोन वर्षांत नव्या बोअर पडल्या, ऊस लागला आणि टँकर परत आला, असंही मी पाहिलं आहे. खोदायला एकत्र आलेली माणसं उपसा कमी करायला एकत्र येतातच असं नाही. खोदताना प्रत्येकाला काहीतरी मिळणार असतं, उपसा थांबवताना प्रत्येकाचं काहीतरी जाणार असतं. हिवरे बाजारचं वेगळेपण इथं आहे. पोपटराव पवार १९८९ मध्ये सरपंच झाले, त्यानंतर तिथं चर आणि बंधारे झाले ते खरं, पण ते इतरत्रही झाले. त्या गावानं शेतीसाठी बोअरवेल नको, उसासारखी जास्त पाणी पिणारी पिकं नकोत, असे नियम केले, आणि दर वर्षी पडलेला पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडून कुठलं पीक घ्यायचं ते ठरवलं. प्रेरणा ओसरते तेव्हा नियम उरतात. मात्र नियमाची भाषा पहिल्या वर्षी काढू नका. लोकांना विहिरीत वाढलेलं पाणी डोळ्यांनी दिसू द्या, मग ते राखायची चर्चा त्यांच्यातलेच काही जण सुरू करतील.

नियम साधा आणि सगळ्यांना एकाच वेळी लागू असला तर तो टिकतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावात २०२२ च्या ऑगस्टपासून रोज संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवायचे असतात, मुलांच्या अभ्यासासाठी. नुसता भोंगा लावून भागलं नाही. अंगणवाडी सेविका, आशाताई, निवृत्त शिक्षक सुरुवातीला घरोघरी फिरून सांगत होते. त्याच वर्षी मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडनं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, आणि सरकारनं लगेच परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. परिपत्रकामुळे ठराव पुष्कळ झाले. ते किती घरांत पाळले गेले हे त्या त्या आळीत कोण कुणाशी बोललं त्यावर ठरलं असणार, असं मला वाटतं.

ग्रुपचं काय करायचं? बंद करू नका, काम बदला. सुविचार आणि व्हिडिओ थांबवा. आज किती मीटर झालं, किती फावडी कमी पडतात, चहा कुणी आणला, उद्या कोण नाही येऊ शकत, एवढंच टाका. बाहेरगावच्या मंडळींना डिझेलची वर्गणी मागा, उपदेश मागू नका. देवळाजवळ एक काळा फळा लावा, त्यावर तेच आकडे खडूनं लिहा, कारण म्हातारी माणसं आणि बायका फळा वाचतात. वर्गणीचा पैसा न् पैसा त्याच फळ्यावर. आणि पहिला मोठा पाऊस झाला की सगळ्यांना, विशेषतः न आलेल्यांना, भरलेले चर बघायला माळावर घेऊन जा. त्या दिवशी "बघा, तुम्ही आला नव्हता" हे वाक्य चुकूनही तोंडातून निघू देऊ नका.

राहिले सरपंच. त्यांचा संशय अगदी रास्त आहे. गावात जो पाण्याचं काम काढतो, ग्रुप काढतो, वक्ता आणतो, तो पुढं उभा राहतो, हे त्यांनी बघितलेलं आहे, कदाचित ते स्वतःच असे आले असतील. त्यांच्या घरी जा. दिवसा जा, लोकांना दिसेल असं जा, आणि थेट बोला. उभं राहायचं नसेल तर तसं सांगा आणि येत्या ग्रामसभेत चार लोकांत बोलून इतिवृत्तात लिहून घ्यायला सांगा. उभं राहायचं असेल तर तेही आत्ताच सांगा. लपवलेलं बाहेर आलं की काम करणारी माणसं फुटतात.

वर्षात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा होते, कोरमला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतली कमी संख्या लागते, आणि त्याआधी महिलांची सभा घ्यायची असते. ही महिला सभा बऱ्याच ठिकाणी कागदावरच होते. तुमच्या पत्नीच्या गटानं ती खरोखर भरवून घ्यावी आणि श्रमदानाच्या जागेचा ठराव तिथून यावा. बायकांकडून आलेल्या पाण्याच्या ठरावाला उघड विरोध करणं कुठल्याही गटाला जड जातं. पहिल्या रविवारचा नारळ सरपंचांच्या हातून फोडा, फलकावर कुणाचंच नाव घालू नका, तुमचं तर नाहीच. आणि हिशेबाची वही विरोधी गटातल्या एखाद्या चोख माणसाकडं द्या.